साधनानं खाल्लेला तास

रविवारी संध्याकाळी जानरावच्या अंगणात अख्खं गाव गोळा झालं होतं. बाजेवर मोबाइल ठेवला होता आणि माणसं त्याच्याकडे डोळे लावून बसली होती. जानरावचा पोरगा नरेंद्र एप्रिलात इंग्लंडला कामाला गेला, तेव्हापासून दर रविवारी साडेपाचला त्याचा फोन यायचा. या रविवारी तो दिवेलागणीनंतर, साडेसहाला येईल, असं गावात मुक्कामाला असलेल्या, भविष्य सांगणाऱ्या घटकाबुवानं आठ दिवस आधीच सांगून ठेवलं होतं.

साडेपाचला फोन गप्प राहिला. साडेसहाला खणखणला! जयजयकार झाला, दोघातिघांनी तर बुवाचे पायच धरले.

आई कस्तुराबाईनं विचारलं, "काहून रे, उशीर केला?"

"उशीर कुठं, माय? अठी एकच वाजला. जेवाच्या सुट्टीतच बोलून राह्यलो."

"पाह्यलं?" फोन बंद करत बुवा गरजला. "पोराले उशिराचं भानबी नाही! घरातल्या बाईनं त्याचा तास खाल्ला. उद्या आयुष्य खाईल. काढा तिले बाहीर!"

घरातली बाई म्हणजे नरेंद्रची बायको साधना. पुढच्या महिन्यात ती नवऱ्याकडे जाणार होती. ती पुढं होऊन सासूला म्हणाली.

"आत्याबाई, तिकडं दरसाल ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, म्हंजे आजच, सरकारच घड्याळं तासभर मांगं घेते. मार्चात पुन्हा समोर करते. आपल्याकडं बारमास एकच वेळ. म्हणून तुमच्या पोराचा दुपारचा एक तोच राह्यला अन् आपले साडेपाचचे साडेसहा झाले. बुवाचा भाचाबी तिकडंच हाय, त्यानंच सांगतलं असन. आता त्याचाबी फोन तासभर उशिरा येईल. मंग त्याचा तास कोनं खाल्ला? इचारा ना बुवाले!"

"साधूले सवाल करते!" म्हणत बुवानं झोळी उचलली आणि तो तरातरा निघून गेला. जानरावला सुनेचं पटलं होतं. पण गर्दी बघून तो बाजेवरचा मोबाइल उचलून घरात गेला.

गर्दी पांगल्यावर कस्तुराबाईनं साधनाला आत बोलावलं. मग म्हणाली, "मार्चात तास वापस येते म्हनतेस ना? मंग तवाच ये."

दुसऱ्या दिवशी साधनाला माहेरी जायला मालेगावच्या जीपमध्ये बसवून दिलं. तिचा पासपोर्ट सासूच्या पेटीतच राहिला. मार्चात तास परत येणारच आहे आणि त्याचं श्रेयही बुवाच घेणार आहे, हे साधनाला स्वच्छ दिसत होतं. सांगावं कुणाला?

साधनानं विचारलेला प्रश्न अगदी साधा होता. अंगणातल्या एकानं जरी तो बुवाला विचारला असता, तरी ती आज घरात असती. तुमच्या गावात कुणाच्या लेकीसुनेकडे असं बोट दाखवलं गेलं, तर निदान तुम्ही तरी विचारा. तिला जीपमध्ये बसवण्याआधी विचारा.