रेनकोटाचं स्थळ

माणूस पारखायची विद्या आता सगळ्या वऱ्हाडात एकाच माणसापाशी उरली आहे आणि तो माणूस आपण आहोत, असं भातकुलीच्या महादेवरावांनी बडनेरा स्टेशनवर जाहीर केलं. "चेहरा पाह्यला का मानसाच्या सात पिढ्यांची खबर लागते आपल्याले," ते म्हणाले. मग बाकावरच्या एका भारदस्त मिशीवाल्या गृहस्थाचा चेहरा पाहून, हा खोटं बोलणार नाही अशी खात्री करून घेऊन, त्यांनी त्याला अकोल्याची गाडी विचारली. त्यानं दाखवली. सोबतचे शेषराव "भाऊ, ही तर नागपूरची..." एवढं म्हणेपर्यंत महादेवरावांनी खिडकीची जागा धरली होती.

नागपूरच्या वाटेवरचं चांदूर आल्यावर महादेवराव, शेषराव आणि बरोबरच्या पार्बताबाई असे तिघंही उतरले. "तो मानूस चांगलाच होता," महादेवराव म्हणाले, "त्याले ठाऊक नसन."

अशा रीतीनं सकाळी नवाला पोचायचं अकोला दुपारी दीडला आलं. एप्रिल महिना, एकोणीसशे पंचावन्न साल, आणि ऊन असं की रस्त्यावरचं कुत्रंसुद्धा सावली सोडायच्या आधी दोनदा विचार करत होतं. शेषरावांनी छत्री उघडली.

"वा सेक्रेटरी!" महादेवराव म्हणाले. "परदेशातून रेनकोट आनाले निघाले अन् सोता छत्री घेऊन! पाहनारा काय म्हनन?"

शेषरावांनी छत्री मिटली नाही. अमरावतीच्या ग्राहक सहकारी भांडाराचे ते सेक्रेटरी, महादेवराव अध्यक्ष. अध्यक्षांना उत्तर देण्याची शक्ती त्यांनी संध्याकाळसाठी राखून ठेवली होती. चौदा महिने, सोळा अर्ज, आणि एका कारकुनाच्या मेव्हण्यासाठी वरूडहून पाठवलेली संत्र्यांची करंडी, एवढ्यावर भांडाराला तीनशे परदेशी रेनकोट मागवण्याचा परवाना मिळाला होता. आज सहा वाजता परवान्याची मुदत संपत होती. करारावर तोवर सही झाली नाही तर सतरावा अर्ज. पहिला रेनकोट कोणासाठी हे शेषरावांनी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांची बायको ललिता सरकारी दवाखान्यात नर्स होती. गेल्या श्रावणात रात्रीबेरात्री बाळंतपणं करायला चिखल तुडवत जाऊन तिनं न्यूमोनिया ओढवून घेतला आणि महिनाभर खाटेवर काढला. छत्री होती, पण वावरातल्या वाऱ्यानं ती उलटी झाली होती. हीच ती छत्री. एक काडी अजून बाहेर यायची.

ज्यासाठी ते अकोल्याला आले होते त्या शेती-उद्योगाच्या प्रदर्शनात परदेशी रेनकोटांचे दोनच स्टॉल होते. एक इंग्लंडचा, तिथे होपकिन्स नावाचा लालबुंद साहेब टायसकट उकडत होता. दुसरा जपानचा, तिथे मोरिता नावाचे लहानखुरे गृहस्थ प्रत्येकाला कमरेत वाकून नमस्कार करत होते. शेषरावांनी खिशातून यादी काढली. कोणाकोणाला माल दिला, नमुन्यासारखाच माल येईल कशावरून, भाव काय, कधी पोचवाल, मालात दोष काय आणि तो निघाला तर काय कराल, असे वळणदार अक्षरात पाच प्रश्न त्यांनी लिहिले होते.

"ठेवा ते खिशात," महादेवराव म्हणाले. "कागदावर समदेच राजे असतात. आपन आजवर अकरा पोरींचे स्थळ पाह्यले."

"त्यातल्या नऊच नांदून राह्यल्या," पार्बताबाई म्हणाल्या. त्या भांडाराच्या संचालक मंडळावरच्या एकुलत्या बाई. अकोटला त्यांची सरकी काढायची जिनिंग होती, आणि कापसाच्या बोंडाला लावायची तीच नजर त्या माणसांना लावत.

"त्या दोघींचं स्थळ मी नाही पाह्यलं, त्यायच्या मामानं पाह्यलं," महादेवराव म्हणाले आणि इंग्लंडच्या स्टॉलवरच्या खुर्चीत जाऊन बसले. "सेक्रेटरी, इचारा याले, भाऊ किती?"

"काय?"

"भाऊ किती? कंपनी एकाची का वाटनीची? भावाभावांत पटते का? उद्या हे वेगळे निघाले तं आपले रेनकोट कोनाच्या वाट्याले जातीन?"

इंग्रजी दुभाष्याचं काम शेषरावांकडे होतं. त्यांनी घसा साफ करून विचारलं, कंपनीत भागीदार किती. साहेबानं सांगितलं, कंपनी एकशे दहा वर्षांची आहे.

"भाऊ एकशे दहा म्हनते का?" पार्बताबाईंनी विचारलं.

"वर्षं, बाई."

"मंग भावांचं लपवून राह्यला."

होपकिन्सला दोन बहिणी असून एकीचं लग्न झालेलं नाही, ही माहिती काढायला शेषरावांना वीस मिनिटं लागली. त्या बहिणीचं का जमलं नाही, हे मात्र त्यांनी विचारलं नाही. विचारलं असं महादेवरावांना खोटंच सांगितलं आणि उत्तर मनचंच दिलं. नंतर मोरितांचे भाऊ झाले. चार निघाले. एक शेती करतो म्हटल्यावर महादेवरावांचा चेहरा उजळला आणि जमीन किती, विहीर आहे का, यात आणखी अर्धा तास गेला. घड्याळात साडेतीन वाजले. रेनकोटाला अजून कोणी हात लावला नव्हता.

"भाऊ, आता नमुना पाहायचा का?" शेषरावांनी विचारलं.

"मालाची काय घाई आहे? पयले चौकशी. अन् चौकशी कवाई पोराच्या घरी करू नये, शेजाऱ्याच्या घरी करावी. त्यातई ज्याच्याशी बांधावरून भांडन आहे त्याच्या घरी. चाला."

म्हणजे इंग्लंडला जपानबद्दल विचारायचं आणि जपानला इंग्लंडबद्दल. शेषरावांनी डोळे मिटून घेतले, उघडले, आणि विचारलं. होपकिन्स म्हणाला, मोरिता अतिशय सज्जन गृहस्थ, त्यांचा माल उत्तम, शिलाई तर फारच सुरेख. मोरिता दोनदा वाकून म्हणाले, होपकिन्ससाहेबांची कंपनी जुनी आणि प्रतिष्ठित, तिच्याकडून आम्ही पुष्कळ शिकलो.

महादेवराव आणि पार्बताबाईंनी एकमेकांकडे पाहिलं.

"दोघंई नापास," महादेवराव म्हणाले.

"नापास?" शेषरावांचा आवाज चिरकला. "अहो भाऊ, दोघांनी एकमेकांची तारीफ केली!"

"तेच तं! शेजारी पोराची तारीफ कवा करते? पोरगं एकदाचं गावातून टळावं असं वाटते तवा. या दोघायनं मिळून ठरवलं आहे. सेक्रेटरी, तुमी शिकलेले मानसं, तुमाले हे डाव समजत नाही."

"मग घ्यायचे कोणाकडून? साडेचार वाजले! सहाला परवाना मेला!"

"परवाना मरन, दुसरा होईन. एकदा माल घेतला का जन्माचा पडला गळ्यात."

तेव्हा शेषराव ओरडले. सात वर्षांच्या नोकरीत ते पहिल्यांदा ओरडले. नेमकं काय ओरडले ते त्यांना नंतर आठवलं नाही, पण त्यात चांदूर होतं, बहीण होती, बांध होता, आणि शेवटी "अहो, पाणी तर टाकून पाहा एकदा त्या कोटावर!" असं होतं. आसपासचे लोक थांबले. भुईमुगाचं तेल काढायच्या घाण्यापाशी जमलेली गर्दी इकडे वळली.

"पानी म्हनता?" महादेवराव शांतपणे म्हणाले. "हे बोलले तुमी कामाचं. सकाळपासून काहून नाही बोलले?"

शेतीच्या विभागात तेलाच्या इंजिनावर चालणारा पंप होता. फूटभर जाडीची धार सिमेंटच्या टाक्यात पडत होती. शेषरावांनी विचारलं, कोट घालून तुमच्यापैकी कोणी खाली उभं राहील का. होपकिन्सनं आपल्या बुटांकडे पाहिलं आणि छापील माहितीपत्रक पुढे केलं. मोरितांनी बूट काढले, रेनकोट चढवला, गळ्यापर्यंत गुंड्या लावल्या आणि वाकून नमस्कार करून टाक्यात उतरले.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. "निघा म्हना," पार्बताबाई म्हणाल्या. शेषरावांनी हाक मारली. मोरितांनी आतून हात केला, अजून थोडा वेळ. त्या दिवशी अकोल्यात थंड जागा तेवढी एकच असावी.

बाहेर आल्यावर त्यांनी कोट काढला, आतून उलटा केला, डाव्या बगलेखाली बोट फिरवलं आणि गंभीर चेहऱ्यानं इंग्रजीत चार वाक्यं बोलले.

"काय म्हनते?" महादेवरावांनी विचारलं.

परवाना, चौदा महिने, सगळं त्या बगलेतून वाहून चाललं होतं. खोटं सांगावं असं शेषरावांच्या मनात आलं. दिवसभरात सांगितलंच होतं. पण पावसात जाणार होती ललिता.

"म्हणतात, इथून पाणी आलं. शिवणीत दोष आहे. लक्षात आलं नव्हतं, माफ करा म्हणतात. तीनशे कोटांना इथे आतून पट्टी लावून देईन, नाहीतर माल परत घेईन."

महादेवराव उठून उभे राहिले. "सोताहून बोलला?"

"स्वतःहून."

"पार्बताबाई, आयकलं? पोराचा बाप सोताच्या तोंडानं सांगून राह्यला का पोराले दमा आहे! तिथं डोये मिटून पोरगी द्यावी." त्यांनी मोरितांचे दोन्ही ओले हात हातात घेतले. "सेक्रेटरी, काढा कागद. असा प्रश्न असते. दोष काय, हे इचारलं पायजे मानसाले. तुमच्या त्या यादीत होतं का हे?"

"पाचवा प्रश्न होता," शेषराव म्हणाले.

"मंग पयला लिहाचा ना!"

सहाला सात मिनिटं कमी असताना सह्या झाल्या. मोरितांनी दुसरा कोरा नमुना महादेवरावांना भेट दिला आणि पुन्हा वाकले. महादेवरावही वाकायला गेले, पण त्यांचं पोट मध्ये आलं.

प्रदर्शनाच्या फाटकाबाहेर येतात तोच दिवसभराच्या उकाड्याचं उट्टं काढल्यासारखं आभाळ काळवंडलं आणि अवकाळी पावसाचे टपोरे थेंब पडू लागले. स्टेशन अर्धा मैल होतं. शेषरावांनी समाधानानं महादेवरावांकडे पाहिलं. महादेवरावांनी घाईघाईनं नवा रेनकोट घडी घातला, धोतराच्या सोग्यात गुंडाळला आणि छातीशी घट्ट धरला.

"कोरा माल आहे," ते म्हणाले. "भिजन. सेक्रेटरी, जरा तुमची छत्री देता का?"