द्राक्षांच्या शेडमधली कादंबरी

सायराबानू जुन्नरची. तिचा नवरा शफी बाजारात शिवणयंत्रं दुरुस्त करायचा. माघ लागला की नारायणगावच्या बाजूला द्राक्षांचे तोडे सुरू व्हायचे आणि सायरा रोज सकाळी जीपने सोपानशेठच्या शेडमध्ये कामाला जायची. आलेल्या घडातला फुटका, आंबट मणी कात्रीने काढायचा आणि घड खोक्यात नीट बसवायचा, असं ते काम. सकाळी बोटं गारठायची आणि दुपारी पत्रा तापायचा.

सायराला वाचायचं वेड होतं. सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकली होती, तेवढ्यावर तिचं सगळं चाललं होतं. क्रेटमध्ये तळाला घालायला रद्दी यायची, ती आधी वाचून मगच सायरा अंथरायची. जुन्नरच्या वाचनालयातून तिला पुस्तकं आणून द्यायचं काम शफीचं. त्याला स्वतःला वाचनाची गोडी नव्हती. तो बापडा कपाटातलं सगळ्यात जाड पुस्तक बघून आणायचा, म्हणजे बायकोला जास्त दिवस पुरेल.

त्या वर्षी, म्हणजे दोन हजार एकच्या फेब्रुवारीत, त्याने अशीच एक जाड कादंबरी आणली. मुखपृष्ठ केव्हाच गेलेलं, वर खाकी कागद. सायरा ती जीपमध्ये वाचायची, जेवणाच्या सुट्टीत वाचायची. एका दुपारी बायका बांधावर हरभऱ्याचे हिरवे डहाळे जाळावर धरून हावळा भाजत होत्या. हात काळे, तोंडं काळी, आणि ही एकटी पुस्तकात डोकं घालून बसलेली. लंकाबाईने विचारलं, एवढं काय आहे त्यात? सायराने गोष्ट सांगायला सुरुवात केली. कोकणातल्या एका बंदरावर एक बाई, तिची एकुलती एक मुलगी एका खलाशाबरोबर लग्न करून निघून जाते. सांगता सांगता सुट्टी संपली आणि कुणालाच उठवेना. मग साळुबाई म्हणाली की सांगू नकोस, वाचूनच दाखव.

दुसऱ्या दिवसापासून काम चालू असतानाच वाचन सुरू झालं. सायरा पालथ्या क्रेटवर बसून वाचायची, आणि तिच्या वाटणीची खोकी बाकीच्या बायका आळीपाळीने भरायच्या. सोपानशेठला पहिल्यांदा हे पटलं नाही. शेड आहे का शाळा, असं तो पुटपुटला. पण दोन-चार दिवसांत त्याच्या लक्षात आलं की बायकांच्या गप्पा थांबल्यात आणि हात मात्र थांबत नाहीत. मग तोही हिशेबाची वही घेऊन जवळच्या खांबापाशी बसू लागला.

प्रत्येकीची आवड वेगळी. लंकाबाईला भांडणं आणि कोर्टकचेरी हवी असायची. साळुबाईला, कोण काय जेवलं ते लेखकाने सांगितलं नाही की राग यायचा. कुशाबाई मात्र कधी काही बोलली नाही. पन्नाशीची ही बाई शेजारच्या वाडीवरची. स्वतःचं थोडं द्राक्षाचं रान होतं, तरी हंगामात शेडवर यायची. मान खाली घालून कात्री चालवायची आणि वाचन थांबलं की डोळ्यांना पदर लावायची. त्याचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. तिच्या मुलीने, स्नेहलने, मंचरला कॉलेजात असताना आहुप्याच्या हौशीरामशी लग्न ठरवलं. पोरगा डोंगरातला, महादेव कोळ्याचा. शाळेत मास्तर लागलेला, स्वभावाने चांगला, पण जात वेगळी. कुशाबाईचा नवरा सावळेराम म्हणाला की आमच्याकडून कुणी येणार नाही. कुणी गेलंही नाही. लग्नाला चार वर्षं होत आली होती. स्नेहलला मुलगी झाल्याचं कुशाबाईला मंचरच्या बाजारात कुणाकडून तरी कळलं, आणि ती बटाट्याची पिशवी तिथेच ठेवून रिकाम्या हाताने घरी आली होती.

होळी जवळ आली तशी कादंबरीही संपत आली. सायराने स्वतःला शिस्त लावली होती, पुढचं पान आधी बघायचं नाही, सगळ्यांबरोबरच कळलं पाहिजे. गोष्टीतली आई आजारातून उठली होती आणि बंदरावर रोज येऊन बसत होती. सायराने पान उलटलं, तर पुढे नुसता पुठ्ठा. शेवटची पानं कुणीतरी फाडून नेली होती.

बायका हळहळल्या. शफीला दोन शिव्याही पडल्या. मग लंकाबाईने स्वतःच शेवट केला. मुलगी वकील घेऊन परत येते आणि वडिलांकडून हिस्सा घेते. साळुबाई म्हणाली की आई मरते, मुलगी उशिरा पोचते, आणि मग तिला कळतं. सोपानशेठचं म्हणणं पडलं की मुलीनेच येऊन पाया पडावं, म्हणजे सगळं गोड होईल. 

तेव्हा कुशाबाईने कात्री खाली ठेवली.

"पोरगी का यील?" ती म्हणाली. "तिला ये म्हनलंच न्हाई कुनी. ती आई नुसती बंदरावर बसून ऱ्हाईली. बोट काय तिला दिसत नव्हती व्हय?"

 सोपानशेठ उठून बाहेर गेला. कुशाबाईने कात्री पुन्हा उचलली आणि संध्याकाळपर्यंत मान वर केली नाही.

सुटल्यावर सायरा तिच्याबरोबर रस्त्यापर्यंत चालत आली. बांधावरच्या आंब्याला मोहोर लागला होता आणि त्याचा वास अंगावर येत होता. जीपची वाट बघताना सायरा म्हणाली, "मावशी, धुळवडीला शेड बंद आहे. आहुप्याची एसटी घोडेगावहून दुपारची असते. मी येते बरोबर."

 जीप आली, सायरा गेली.

होळीला कुशाबाईने पुरण घातलं. नेहमीपेक्षा जास्त घातलं, हे सावळेरामने पाहिलं. धुळवडीच्या सकाळी तिने पोळ्या फडक्यात बांधल्या, नवं लुगडं नेसली आणि ओट्यावर तंबाखू चोळत बसलेल्या नवऱ्याला सांगितलं की स्नेहलकडं चाललेय. तो बराच वेळ तंबाखूच चोळत राहिला.

"एकलीच?" त्याने विचारलं.

"सायराबी हाय संगं."

 तिने चपला घातल्या आणि निघाली.

सायरा बोलल्याप्रमाणे घोडेगावच्या स्टँडवर थांबली होती. पुढे डिंभ्याच्या धरणाचं पाणी लागलं, मग चढ. उतारावर पळस फुलले होते, कुसुंबाला तांबडी पालवी फुटली होती. सायरा खिडकीला नाक लावून बसली होती. जुन्नर-नारायणगावपलीकडे ती फारशी कधी गेलीच नव्हती. कुशाबाईला काही दिसत नव्हतं. मांडीवरचं गाठोडं तिने दोन्ही हातांनी धरलं होतं. मधेच एकदा तिने कंडक्टरला विचारलं की ही गाडी परत कधी निघते. उद्या सकाळी, म्हटल्यावर तिचा चेहरा उतरला. पोरीने दारात उभं केलं नाही, तर रात्र कुठे काढायची? सायरा म्हणाली की देवळात काढू, त्यात काय.

हौशीराम मास्तरांचं घर देवराईच्या अलीकडेच होतं. अंगणभर हिरडे वाळत घातले होते आणि स्नेहल उकिडवी बसून ते हाताने पसरत होती. तिने वर पाहिलं. उठून उभी राहिली. पदराला हात पुसले, पुन्हा पुसले.

"आई, कडंनं ये," ती म्हणाली. "हिरड्यावर पाय पडंल."

कुशाबाई कडेकडेने आली. काय बोलावं ते तिने वाटेत ठरवलं होतं, त्यातलं एकही आठवेना. ती खाली बसली आणि हिरडे पसरायला लागली. स्नेहल थोडा वेळ उभी राहिली, मग तीही शेजारी बसली. सायरा आपणहून पाण्याचा हंडा शोधायला घरामागे गेली.

"मी आदीच यायला पायजे व्हतं," कुशाबाई म्हणाली.

"हां," स्नेहल म्हणाली. "पायजे व्हतं. बाळंतपणात लई वाट बगितली मी."

मग ती रडली, आणि कुशाबाईने तिचं डोकं मांडीवर घेतलं. आत झोळीत पोर जागी झाली. नाव काय ठेवलं, असं कुशाबाईने विचारलं. आरती, स्नेहल म्हणाली.

हौशीराम संध्याकाळी धुळवड खेळून रंगलेला आला. सासूला बघून गडबडला, आणि आधी तोंड धुवायला पळाला. जेवताना त्याने पोळी तीनदा मागून घेतली. सायराला वाचायची आवड आहे असं कळल्यावर त्याने शाळेतली पुस्तकांची पेटी उघडून तिच्यापुढे ठेवली, आणि मग सायरा कुणाच्याच हाती लागली नाही.

कुशाबाई परत आली तेव्हा सावळेरामने काही विचारलं नाही. जेवायचा, रानात जायचा. तिनेही विषय काढला नाही. पण एकदा भाकरी मोडता मोडता तो म्हणाला, "तिकडं उन्हाळ्यात पानी ऱ्हातं का?"

झऱ्याचं राहतं, पण लांबून आणावं लागतं, असं तिने सांगितलं. त्याने नुसती मान हलवली.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी तो स्वतः तयार होऊन ओट्यावर बसला होता. दोघं निघाली. आहुप्याला पोचल्यावर हौशीराम पाया पडायला वाकला, तर सावळेरामने त्याला खांद्याला धरून उठवलं आणि झरा कुठे आहे ते दाखव म्हणाला. आरतीला घेऊन दोघं पुरुष उतारावरून खाली गेले. पाइप टाकता येईल का, किती लांब, मोटर बसेल का, असलं बोलणं वरपर्यंत ऐकू येत होतं. स्नेहल दारात उभी राहून ऐकत होती. परत येताना सावळेराम दमला, आणि वाटेतल्या दगडावर टेकला. आरती बापाच्या कडेवर होती. ती वाकून आजोबाची टोपी ओढायला लागली. त्याने टोपी काढून तिच्या हातात दिली आणि तसाच, उघड्या डोक्याने, उन्हात बसून राहिला.