स्वच्छ समास

न्यू बेडफर्डच्या त्या गल्लीत ड्रुसिला टिल्मनइतकी ताठ बाई दुसरी नव्हती, आणि तिच्या ताठ्याचं मूळ होतं एक पुस्तक. तिचे पणजोबा, अ‍ॅबसलोम टिल्मन, व्हर्जिनियातल्या मालकाच्या तावडीतून पळून आले होते. त्यांनी सांगितलेली कहाणी गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या गावातल्याच एका छापखान्याने छापली होती, आणि आता तिची एवढी एकच प्रत उरली होती. पण घराला मोल होतं ते पानांच्या कडेच्या समासांचं. पणजीने तिथे, व्हर्जिनियातच विकल्या गेलेल्या आपल्या तीन मुलांची नावं लिहिली होती. तेव्हापासून घरात जो जन्मेल त्याचं नाव त्याच समासांत चढायचं. सगळ्यांत शेवटी आईच्या किरट्या अक्षरात दोन नावं होती, ड्रुसिला आणि हेट्टी.

हेट्टी धाकटी. तिने घरचा पंथ सोडून केप व्हर्डी बेटांवरच्या एका कॅथलिक खलाशाशी लग्न केलं, तेव्हा ड्रुसिला दारात उभी राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली होती, "पुस्तकातून तुझं नाव खरवडून काढते की नाही बघ!" त्यानंतर तीस वर्षं दोघींनी एकमेकींचं तोंड पाहिलं नाही, आणि घरं म्हणाल तर तीन गल्ल्यांच्या अंतरावर.

खरवडलं मात्र नव्हतं हो! उलट हेट्टीला मुलगे झाल्याचं मासळीबाजारात कानावर आलं, तेव्हा या बाईने दार लावून घेऊन पेन्सिलने तिच्या नावाखाली लिहिलं, जोआकीम, मग मॅन्युएल. पण हे बहिणीला सांगायचं? तोंड उघडलं असतं तर जीभ झडली असती जणू.

अशा बाईला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला ऑर्विल थ्रॅशरला अर्धा तास पुरला. थ्रॅशर जुनी पुस्तकं नव्याने छापायचा. रेड इंडियन सरदारांच्या दंतकथा, पहिल्या वसाहतींचे इतिहास, चेटकिणींच्या गोष्टी, असं सगळं. अलीकडे कॉलेजांतून गुलामांच्या कहाण्यांना मागणी वाढली होती.

"मिस टिल्मन, आपल्या पणजोबांचं नाव देशातल्या प्रत्येक ग्रंथालयात जाईल," तो म्हणाला. "आणि पहिल्या पानावर आपले आभार."

हेट्टीला पाय ठेवू न दिलेल्या घरातून तिने ते पुस्तक स्वतःच्या हाताने कापडात गुंडाळून त्याला नेऊन दिलं.

पानगळीच्या दिवसांत जोआकीम दारात आला. टोपी हातात घेऊन उभा राहिला, आत ये म्हणायची वाट पाहत. ड्रुसिलाने म्हटलं नाही.

"आईला कॅन्सर आहे," तो म्हणाला. "तिला एकच बघायचंय. तिचं नाव पुस्तकात आहे की तुम्ही काढलंत."

आहे रे बाबा, तुझंही आहे, एवढं म्हणायला ड्रुसिलाचं काय जात होतं? पण नाही. "रविवारी चर्चनंतर यायला सांग," ती म्हणाली. "पाय पुसून आत यायचं म्हणावं."

शनिवारी ती पुस्तक आणायला गेली. थ्रॅशरने खुशीत एक करकरीत नवी प्रत पुढे केली.

"छान आहे," ती म्हणाली. "माझं द्या आता."

"तुझं? अगं ड्रुसिला, कॅमेऱ्याखाली पान सपाट बसावं लागतं. पुस्तकाची पाठ कापल्याशिवाय कसं जमणार?"

काम झाल्याबरोबर मिस टिल्मनची ड्रुसिला झाली, हे तिच्या कानांनी टिपलं. पण आज भांडायला वेळ नव्हता.

"मग सुटी पानं द्या."

"ती रद्दीत गेली गं. कापलेलं पुस्तक कोण ठेवतं?"

तिने नवी प्रत उघडली. पान उलटलं, आणखी उलटलं. समास पांढरेफटक. "इथलं लिहिलेलं?"

"तेच तर सांगतोय! काय गिरगटून ठेवलं होतं कुणी! समासांवर पुठ्ठ्याची चौकट ठेवूनच फोटो काढले आम्ही. घाण फोटोत कशाला घ्यायची?"

"तुम्ही वाचलं होतं ते?"

"समासातलं कोण वाचतं?" तो हसला, आणि आणखी एक प्रत तिच्या हातात कोंबली. "ही माझ्याकडून भेट."

पहिल्या पानावर आभारांच्या जागी छापलं होतं, 'एका खासगी संग्रहातून'.

रविवारी हेट्टी जोआकीमच्या आधाराने आली. अर्धी झाली होती बिचारी. तिने पायपुसण्यावर पाय घासले, दोनदा, आणि ड्रुसिलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुद्दाम केलेलं रताळ्याचं पक्वान्न टेबलावर होतं, त्याला कुणी हात लावला नाही.

"दाखव," हेट्टी म्हणाली.

ड्रुसिलाने नवं पुस्तक पुढे ठेवलं आणि भडाभडा सगळं सांगितलं. थ्रॅशर, कात्री, पुठ्ठा, रद्दी. हेट्टी समासावरून बोट फिरवत राहिली.

"वा गं वा. मला ठेवायचं नव्हतं म्हणून आईलाही पुसलंस?"

"देवाशपथ, तुझं नाव होतं! पोरांचीही लिहिली होती मी."

"तू? माझ्या पोरांची? या पोराला परवा दारात उभं ठेवलंस ना? तीस वर्षं पुस्तक दाखवलं नाहीस मला. आणि एका गोऱ्या दुकानदाराला कापायला दिलंस, असं म्हणतेस?"

हे हेट्टीला खोटं वाटलं तरी वाईट होतं, आणि खरं वाटलं तर त्याहून वाईट. ड्रुसिलाने फडताळातून पेन ओढलं आणि ती समासात लिहायला लागली. हेट्टी. जोआकीम. मॅन्युएल. "बघ, असं होतं. अगदी इथेच होतं."

हेट्टीने मॅन्युएलच्या नावावर अंगठा फिरवला. ओली शाई पसरली. अंगठा तिने बहिणीच्या टेबलावरच्या पांढऱ्या कापडाला पुसला.

"चल जोआकीम," ती म्हणाली.

नाताळच्या आधी हेट्टी गेली. ड्रुसिला काळे हातमोजे घालून अंत्यविधीला हेट्टीच्या चर्चमध्ये गेली. त्या देवळात ती पहिल्यांदाच पाय ठेवत होती. सवयीने ती पुढे, घरच्यांच्या बाकाकडे निघाली. जोआकीम उठून आडवा आला. त्याने मागच्या रांगेकडे बोट दाखवलं.

ती मागे जाऊन बसली. पाद्रीबाबा कागदावरून वाचू लागले. हेट्टीच्या मागे दोन मुलगे, दोन सुना, नातवंडं. ड्रुसिला मान ताठ करून ऐकत होती, बहीण म्हणतील, आता म्हणतील.

"एवढाच तिचा परिवार," पाद्रीबाबा म्हणाले, आणि त्यांनी कागदाची घडी केली.