एक्केचाळिसावा खांब

काळबांडे साहेब एकोणतीसपर्यंत आले आणि पुन्हा चुकले.

"हा अठ्ठाविसावा झाला होता ना?" त्यांनी मागे वळून विचारलं. कोणाला विचारलं ते त्यांनाही ठाऊक नसावं. नाल्याच्या थडीवर आमच्या शाळेची चौतीस पोरं रांगेनं बसली होती, आणि चौतीसही जणांनी तोंडं अशी मिटली होती की जणू प्रत्येकाच्या गालात पेरूची फोड दडवलेली आहे.

साहेबांच्या हातात खडू होता. दगडाच्या खांबांवर आकडे टाकत ते पुढे सरकत होते. अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा, पायात नवे बूट आणि बुटाखाली ओला गेरू. मी बाभळीखाली माझ्या नेहमीच्या धोंड्यावर बसून पाहत होतो. मला काही घाई नव्हती. या सकाळची मी दोन महिने वाट पाहिली होती. साहेबांनी आणखी दोनशे खांब मोजले असते तरी माझी ना नव्हती.

मी इब्राहीम. आमच्या किन्हीराजा गावाच्या चारी बाजूंना ज्या विहिरींना पाणी आहे त्या मी खोदल्या, आणि ज्या कोरड्या पडल्या त्या इतरांनी. एकदा सुरुंगाची भोकं पाडत मी इतका खोल गेलो की खालून कोणीतरी ओरडलं, "हळू ठोका, पोरं झोपलीत." माझा धाकटा भाऊ नसीम धनजच्या एका विहिरीत उतरला तो थेट लोणारच्या तळ्यातून वर निघाला, आणि तिथं ओले कपडे वाळवून हैदराबादला गेला. तिथं त्याचं बिर्याणीचं हॉटेल आहे. पन्नास वर्षं मी हे सांगत आलोय आणि दर दोन-चार वर्षांनी त्या हॉटेलात एक टेबल वाढतं.

अशा माणसाला शाळेत कोण बोलावणार? पण निताबाईंनी बोलावलं.

निता म्हणजे तांड्यावरच्या भाऊसिंगची पोर. मायबाप ऊस तोडायला निघाले की ही दप्तर घेऊन सोबत, आणि सहा महिन्यांनी परत आली की वर्गात पहिली. आता आमच्या वस्तीच्या शाळेत मास्तरीण. विज्ञान तीच शिकवते, मराठीही तीच. तिनं काय केलं, दर गुरुवारी दोन्ही तास एकत्र बांधले आणि पोरं नाल्यात आणून सोडली.

आमच्या नाल्यात काळ्या दगडाचे सहा कोनांचे खांब आहेत. कडब्याच्या पेंढ्या उभ्या लावाव्यात तसे, एकाला एक चिकटून. त्यांच्या डोक्यावर गेरूचा तांबडा पट्टा, आणि पट्ट्यावर पुन्हा काळा दगड. लोक तिथं म्हशी धुवायचे. निता पोरांना म्हणाली, हे पुस्तक आहे, हात लावून वाचा. दगड काळा आहे म्हटलं की ती विचारायची, कसा काळा? तव्यासारखा, की भिजलेल्या म्हशीसारखा? तांड्यावरची पोरं दगडाला भाटा म्हणत, आमची पोरं फत्तर म्हणत, बाकीची गोटा म्हणत. तिन्ही शब्द वहीत जात. आणि दगड फोडणारी माणसं त्याला काय म्हणतात हे सांगायला मी होतो, धोंड्यावर.

वहीचा कायदा मात्र कडक. तो तिनं कुठं लिहिला नव्हता. पहिल्या दिवशी प्रत्येकाचा हात दगडावर ठेवून तोंडी सांगितला होता. डाव्या पानावर फक्त पाहिलेलं आणि मोजलेलं. उजव्या पानावर ऐकलेलं आणि मनातलं. माझ्या सगळ्या गोष्टी उजवीकडे. मला त्याचा राग नव्हता, चांगली ऐसपैस जागा होती.

मग काळबांडे साहेब आले. ते केंद्रप्रमुख. तपासणीला म्हणून वह्यांचा गठ्ठा गाडीत घालून घेऊन गेले. दिवाळीनंतर पुस्तक निघालं, गुळगुळीत कागदावर. साहेबांचा फोटो, साहेबांचं मनोगत, वाशिमला साहेबांचा सत्कार, शाल, नारळ.

माझी नात अनम सातवीत आहे. ती पुस्तक घेऊन माझ्याकडे आली. आमच्यात आजोबाला दादा म्हणतात.

"दादा, हे मी लिव्हलं होतं."

मनोगताची पहिलीच ओळ होती. 'पहिला लाव्हा थंड झाला. नंतर दीर्घ काळ काहीच घडले नाही. ते न घडलेले म्हणजे हा तांबडा पट्टा.'

"मी 'लय वर्षं' लिव्हलं होतं," अनम म्हणाली. "त्यायनं 'दीर्घ काळ' केलं."

एवढंच म्हणाली आणि पाणी भरायला गेली. माझ्या छातीत मात्र सुरुंगाची वात पेटली. मी तसाच निताकडे गेलो.

"तुयं नाव कुठी हाये यात?"

"शेवटच्या पानावर. छापखान्याच्या पत्त्याच्या वर."

"अन् तू गप बसून राह्यली?"

"काय करू चाचा? बदलीच्या वेळी त्यायचाच शब्द चालते. मले दूर कुठी धाडलं त या पोरायले गुरुवारी इथं कोण आणन?" ती वह्या आवरत होती. "पुस्तक नेलं त नेऊ द्या. नाला त नाही ना नेला."

नितानं माफ केलं असेल. मला कोणी विचारलं नव्हतं.

संधी साहेबांनी स्वतःच आणून दिली. ते शाळेत आले, खुर्चीवर बसले, पायावर पाय टाकला. "मॅडम, दुसरा भाग काढायचाय. नागपूरहून भूगर्भशास्त्राच्या बाई येणार आहेत पाहायला. या खेपेला मला आकडे पाहिजेत. पहिल्या भागात आकडे कमी पडले." मग दारात मला पाहिलं. "हे गप्पाडे म्हातारे इथंच पडीक असतात का? शाळेच्या वेळात यांना बसू देत जाऊ नका."

नाल्यात यायला ते त्याही दिवशी तयार नव्हते. बूट खराब होतात म्हणाले.

मी घरी जाऊन विचार केला. साहेबांना आकडे पाहिजेत. खोट्या गोष्टीला आकड्याचं वजन लागतं हे मला मिसरूड फुटलं तेव्हापासून माहीत आहे. 'खूप खोल' म्हटलं तर शेळ्या राखणाराही हसतो. 'बावीस फूट' म्हटलं की तलाठी मान डोलावतो.

पुढच्या गुरुवारी मी पोरांना सांगितलं, "उगवतीकून मोजत या. एक्केचाळिसावा खांब पोकळ हाये. बावीस फूट खोल. आत गोटा टाका अन् मोजा. अकरा मोजस्तोर आवाज येत नाही."

"कायले येत नाही?" एकानं विचारलं.

"आवाज लाजते. पाहुणे पाहून बाहीर निघते."

चौतीस पोरांनी उजव्या पानावर लिहून घेतलं. निता माझ्याकडे जरा वेळ पाहत राहिली. मी दाढी खाजवली. महिनाअखेरीला गठ्ठा साहेबांच्या गाडीत गेला. आणि आज, तीन आठवड्यांनी, साहेब खडू घेऊन नाल्यात उभे होते.

नागपूरच्या मंजू मॅडम वयानं साठीच्या, पायात साधे रबरी बूट. साहेबांनी दिलेलं दुसऱ्या भागाचं नवं पुस्तक त्यांच्या हातात उघडं होतं. त्यांनी मोठ्यानं वाचलं, "'एक्केचाळिसावा खांब पोकळ असून त्याची खोली बावीस फूट आहे. आत दगड टाकल्यास अकरा सेकंदांपर्यंत आवाज येत नाही.' हे तुम्ही मोजलंत?"

"स्वतः," साहेब म्हणाले. "घड्याळ लावून."

"बावीस फूट पडायला दगडाला सव्वा सेकंद पुरतो. अकरा सेकंद काय करतो तो?"

साहेबांनी कपाळ पुसलं. कपाळावर खडूचा पट्टा उमटला. "इथला खडक वेगळा आहे, मॅडम."

मी सत्तर वर्षं खोटं बोलतोय, पण असं वाक्य मला कधी सुचलं नाही.

"मग दाखवा तरी."

साहेबांनी पुन्हा पहिल्या खांबापासून सुरुवात केली. चाळीस झाले. एक्केचाळिसाव्यावर त्यांनी बोटांनी ठोकलं. भरीव. बेचाळिसाव्यावर ठोकलं. मग परत चाळिसाव्यावर. दार कोणी उघडत नाही म्हणून शेजारची दारं वाजवावीत तसे ते हिंडत होते. ओल्या गेरूवर बूट सरकला आणि साहेब बसते झाले. पांढऱ्या सदऱ्याला मागून केंद्रप्रमुखपदाचा तांबडा शिक्का बसला. माझ्या पोटात ऊन ऊन भाकरी पडल्यासारखं झालं.

"कोणत्या बाजूनं मोजायचं असतं?" साहेबांनी शेवटी पोरांनाच विचारलं.

अनम उभी राहिली. "सर, तो खांब नाहीच. ते उजव्या पानावरचं हाये."

"म्हणजे?" मंजू मॅडमनी विचारलं.

"मोजलेलं डाव्या पानावर असते. ऐकलेलं उजव्या. हे त दादानं सांगतलेलं." तिनं बाभळीकडे बोट केलं. "सर इथं कधी आलेच नाही, त त्यायले कसं ठाऊक असन."

मंजू मॅडमनी वह्या मागितल्या. साहेबांच्या गाडीतून गठ्ठा आला. त्या तिथंच दगडावर बसल्या आणि नुसती डावी पानं वाचत गेल्या. गेरूची जाडी एक हात चार बोटं. चुंबक लावलं तर भुकटी चिकटते. खांबाचे कोन बहुतेक सहा, काहींचे पाच, दोन खांबांचे सात. असा अर्धा तास गेला. मग त्यांनी वही मिटली. "अशी वही लिहायला कोणी लावली?"

चौतीस हात एकदम निताकडे वळले. मॅडमनी आपल्या डायरीत तिचं नाव लिहिलं, आडनाव विचारून, नीट. साहेब गाडीत जाऊन बसले होते. सीटवर त्यांनी वर्तमानपत्र अंथरलं होतं.

गाड्या गेल्या. मी टाळी द्यायला हात पुढे केला. नितानं हात पाहिला आणि तसाच राहू दिला.

"तुमी लय वाईट केलं, चाचा."

"त्यानं काय चांगलं केलतं?"

"त्याचं सोडा. ही पोरं दोन गुरुवार मधल्या सुट्टीत येऊन तो खांब शोधून राह्यली होती. खिशात गोटे घेऊन. तुमची गोष्ट हाये, ठाऊक होतं त्यायले. पण तुमी आकडा सांगतला ना. आकडा खरा असते असं मी शिकवलं." तिचा आवाज चढला नव्हता. "पुढच्या गुरुवारी डाव्या पानाचं सांगा. पाह्यलेलं, मोजलेलं. नाही जमत असन त धोंड्यावर बसू नका."

आठ दिवस मला झोप लागली नाही असं मी म्हणणार नाही, ती थाप होईल. झोपलो. पण साहेबाच्या सदऱ्यावरचा शिक्का आठवून हसू यायचं ते तिसऱ्या दिवशी बंद झालं.

गुरुवारी मी धोंड्यावर बसलो. पोरांनी वह्या उघडल्या. निता दूर, बाभळीला टेकून उभी.

"कायचं सांगू?"

"तांबड्या पट्ट्याचं," अनम म्हणाली.

माझ्याकडे एक गोष्ट तयार होती, राक्षसाच्या पानाच्या पिचकारीची. घशापर्यंत आली होती. ती मी गिळली.

"लिव्हा. धनजची विहीर. एक्केचाळीस हात खोल. वरतून काळा दगड. त्याच्या खाली गेरू, जाडी दीड हात." पेन्सिली चालू लागल्या. "गेरू कोरडा असला त दगडावानी. पाणी लागलं का साबणावानी. मंग वरचा दगड सरकते."

"किती सरकते?"

"तवा एका माणसापुरता सरकला. खाली नसीम होता. वय बावीस. मी वरतून हाका मारल्या. अकरा मारल्या."

कोणी विचारलं नाही आवाज आला का. निता बाभळीपासून सरळ उभी राहिली होती.

पोरांनी लिहिलं. अनमची पेन्सिल मात्र अर्ध्यातच थांबली. लहानपणापासून झोपताना ती माझ्याकडून त्या हॉटेलची टेबलं ऐकत आली होती.

"दादा, अन् मंग हैदराबादचं हॉटेल?"

"ते उजव्या पानावरचं हाये, बेटा."

तिनं उजव्या पानाकडे पाहिलं. ते अजून कोरं होतं. वाऱ्यानं पान उलटत होतं, म्हणून तिनं पायाजवळचा गेरूचा एक खडा उचलला आणि त्यावर ठेवला.