न लागणारं दार

“या दाराची काही काळजी करू नका ताई,” व्यवस्थापिका बाई म्हणाल्या, “मेमरी केअरच्या, म्हणजे विस्मरण झालेल्यांच्या मजल्यावरून आजवर कोणी बाहेर गेलेलं नाही.” त्यांचं वाक्य संपतंय तोवर बाबांनी दाराला खांदा लावला, ते जरासं वर उचललं, ढकललं आणि पलीकडे जाऊन उभे राहिले.

आता बोला! दाराला आकड्यांचं कुलूप होतं. चार आकडे दाबल्याशिवाय म्हणे माशीसुद्धा जात नाही. बाईंचा चेहरा पडला. मला हसावं की रडावं तेच कळेना. हल्ली मला काहीच कळेनासं झालंय.

बाबांना ठेवायला म्हणून आम्ही पाहिलेलं हे तिसरं ठिकाण. बाग कुठे होती, माशांची टाकी कुठे, चोवीस तास नर्स असते असं कोण म्हणालं, डोक्यात नुसता गुंता झाला होता. दादा परगावी. तो फोनवर सांगतो, “तुला योग्य वाटेल ते कर,” आणि फोन ठेवता ठेवता, “पण घाई करू नकोस.” शहाणाच आहे! मी वीज कचेरीत तक्रारीच्या खिडकीवर बसते. दिवसभर लोकांना “होईल, होईल” म्हणते. मला कोण म्हणणार?

बाबांनी चाळीस वर्षं कुलपं दुरुस्त केली. बाजारात त्यांना सगळे किल्लीमास्तर म्हणत. आता ते माझं नाव विसरलेत, जेवल्याचं विसरतात, पण हात काही विसरलेले नाहीत. मी घराला एक कुलूप लावलं, त्यांनी ते केसांच्या पिनेनं उघडलं. दुसरं लावलं, तेही उघडलं. तिसरं चोराच्या बापालाही उघडणार नाही, असं दुकानदार म्हणाला होता. चोराच्या बापाचं खरं असेल, माझ्या बापाचं नव्हे. दोनदा ते हमरस्त्यावर सापडले, अनवाणी. दुसऱ्या खेपेला ट्रकवाल्यानं वेळेत ब्रेक दाबला म्हणून सापडले, एवढंच. तेव्हापासून मी कामावरून दर तासाला शेजारच्या काकूंना फोन करते. काकू तरी किती करणार? त्याच सत्तरीच्या आहेत.

“बिजागरी सुटलीय,” दार हलवत बाबा म्हणाले. “दार खाली बसलंय. कुलपाचा खटका चौकटीच्या पट्टीत पुरता जातच नाही. डोळे मिटून बसवलं की काय कोणी?”

“आजोबा, आत या ना,” बाई म्हणाल्या.

“येतो की. आधी स्क्रूड्रायव्हर आणा. आणि चार काड्या.”

“काड्या?”

“काडेपेटीतल्या हो! पेटवायच्या नाहीत, भोकात घालायच्यात. स्क्रूचं भोक मोठं झालंय.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. “द्या,” मी म्हटलं, “ऐकायचे नाहीत ते.”

बाबा उंबऱ्याशी फतकल मारून बसले. काड्यांचा गूल मोडून त्यांनी त्या भोकात ठोकल्या. सकाळी शर्टाची बटणं लावताना थरथरणारा हात तो हाच का, असं मला वाटलं. एक मन म्हणत होतं, त्यांना थांबवावं, सांगावं की बाबा, हे दार तुमच्यासाठीच आहे हो. आणि दुसरं मन म्हणत होतं, बसू दे एकदाचं घट्ट. फार लाज वाटली मला त्या मनाची.

“आत कोण राहणार आहे?” त्यांनी मान वर न करता विचारलं.

“एक म्हातारे गृहस्थ,” मी म्हटलं. जीभ कशी रेटली, माझं मला ठाऊक.

“बाहेर पळतात?”

“सारखे.”

“मग घट्टच बसवू.” त्यांनी स्क्रू पिळला. “घरच्यांच्या जिवाला घोर नको.”

हे कळून म्हणाले की सवयीनं, देव जाणे. गिऱ्हाइकांशी ते नेहमी असंच बोलायचे. तेवढ्यात दादाचा फोन आला. “काय, ठरलं का?” एवढंच ऐकलं आणि मी फोन कापला.

बाबा भिंतीला धरून उठले, गुडघे झटकले, दार दोनदा पुढेमागे करून पाहिलं. ते आत होते. मी उंबऱ्यात, एक पाय आत, एक बाहेर. त्यांनी माझ्याकडे अदबीनं पाहिलं.

“बाई, तुम्ही आतल्या की बाहेरच्या?”

 जन्मात कधी त्यांनी मला अहोजाहो केलं नव्हतं.

“ठरवा लवकर,” ते म्हणाले. “दार लावून बघायचंय.”

मी आतला पाय बाहेर घेतला. दार लागलं. खटका पट्टीत पुरता गेल्याचं मला इकडून ऐकू आलं. मग त्यांनी आतून खांदा लावला, एकदा, दोनदा, चांगला जोर करून. दार हललं नाही.

“झालं,” ते आतून म्हणाले. “आता निश्चिंत राहा.”