बोरगावचा कलगोंडा माइकपुढे

चेंडू टाकायचाही पगार मिळतो, यावर बोरगावच्या कलगोंडा पाटलाच्या आईचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही. पण मिळत होता खरा. बेळगावच्या कॅम्पात गोऱ्या सोल्जरांना सरावाला चेंडू टाकताना एका लहानशा संस्थानाच्या राजेसाहेबांनी त्याला पाहिलं आणि थेट आपल्या संघात नोकरीला ठेवलं. पुढं कितीतरी वर्षं, संघ पुण्याला जावो नाहीतर बडोद्याला, कलगोंडाच्या वेगानं भल्याभल्यांची भंबेरी उडवली.

मग १९४४ साली खांदा निखळला. बसवला, पण हात पहिल्यासारखा फिरेना. त्याच्या जागी कंग्राळीचा भावकू आला. त्याला कलगोंडानंच घडवलं होतं. राजेसाहेबांनी कलगोंडाला पागेवर देखरेखीचं काम देऊ केलं.

"घोडी झकास हैत, सरकार," कलगोंडा म्हणाला, "पण मला खेळ सोडून ऱ्हायला जमणार न्हाय."

त्यानं मुंबई गाठली. तिथं रेडिओवर सामन्याचं वर्णन इंग्रजीत चाले. मराठीतही करून बघावं, असं तिथले कार्यक्रम करणाऱ्या गुर्जरसाहेबांच्या मनात होतं. कलगोंडा सामना सांगायला बसला की पंचसुद्धा चहा विसरतात, हे त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी त्याला बोलावून घेतलं.

"भाषा तेवढी शुद्ध ठेवा," गुर्जर म्हणाले.

"ठेवतो की. पण साहेब, चेंडू काय माझं वाक्य संपायची वाट बघत न्हाय."

गुर्जर हसले. "मग तुमच्या पद्धतीनं बोला."

पहिलाच सामना त्याच्या जुन्या संघाचा निघाला. भावकूच्या पहिल्या षटकात तीन चौकार गेले. मी असतो तर, असं कलगोंडाच्या मनात आलं, खांदाही आपोआप हलला. पण माइक समोर होता.

"भावकू आखूड टाकतोय," तो बोलू लागला. "पोरगं भ्यालेलं न्हाय, घाईत हाय. जरा दम खाऊ द्या, मग बघा."

पुढच्याच षटकात मधली यष्टी उडाली. "गेला! गेला! मुळासकट उपटला!" कलगोंडा खुर्चीतून उठला, तसा गुर्जरांनी माइक सावरला.

संध्याकाळी भावकू माइक ठेवलेल्या मंडपात आला. "अण्णा, मी घाई करतोय म्हनून सगळ्या मुलखाला सांगितलंसा व्हय?"

"व्हय. आनि दुसऱ्या डावात केलीस तर परत सांगीन."

पुढच्या सामन्यालाही माइकपुढची खुर्ची त्याचीच होती.