तार तुटली होती का?

नागपंचमीच्या सकाळी चिंचवडजवळच्या त्या पाइपांच्या कारखान्यात मी पोचलो, तेव्हा कचेरीत टेलिफोनची पूजा चालली होती. काळ्या यंत्राला हळदकुंकू लावले होते, हँडलला फुलांची माळ होती आणि समोर लाह्या-दुधाची वाटी. फाटकाबाहेर ही गर्दी. बायका वारूळ सोडून त्या दिवशी फोनकडे आल्या होत्या. वारुळात निदान नाग असतो तरी.

चमत्कार असा होता, की पुण्यात एका व्यापाऱ्याच्या घरी उतरलेले विषहारी महाराज फोनवरून सापाचे विष उतरवत. साप चावलेल्याच्या कानाला रिसीव्हर लावायचा, तिकडून महाराज जप करणार आणि विष तारेतून त्यांच्याकडे ओढले जाणार. कारखान्याचे टाइमकीपर बबनराव हे त्यांचे इकडचे पुजारी. फोनला हात लावायचा तर त्यांच्याच परवानगीने.

मी टेलिफोन खात्याचा तपासनीस. माझ्याकडे तक्रार आली होती, 'लाइन सदोष, मंत्र अर्धवट पोचला, मुलगी दगावली.' उभ्या नोकरीत अशी तक्रार मी पाहिली नव्हती. ती करणारा दत्तोबा इथलाच शेतकरी, कारखान्यात पहारेकरी. तो आणि त्याची बायको सुभद्राबाई भिंतीला टेकून बसले होते. बापाची भाकरी घेऊन बांधावरून येताना त्यांच्या अंबूला नाग चावला होता. नऊ वर्षांची पोर आषाढातच गेली.

"साहेब, तार कुठं तुटली व्हती तेवढं सांगा," दत्तोबा म्हणाला. "दुसरं काय नगं. बबनराव म्हनत्यात, मंत्र मदीच तुटला."

"खात्याचा हलगर्जीपणा, दुसरं काय," बबनराव म्हणाले. "महाराजांची शक्ती अमोघ आहे. पण पाणी नळातूनच यायचं ना, साहेब? नळच फुटका असेल तर गंगा तरी काय करील?"

गंगेची काळजी मला नव्हती. बिघाड शोधायची आमची एक रीत असते. फोन कोणी केला, कधी केला, तिकडून कोण बोलले, काय ऐकू आले, मध्ये आवाज गेला का, हे एकेक विचारत जायचे. ज्याचा फोन नीट झाला त्याला आधी विचारायचे आणि बिघडला त्याला नंतर. म्हणून मी म्हणालो, "बरा कोण झाला, त्याला बोलवा."

लोकांनी भट्टीवरच्या भिमाजीला पुढे ढकलले. त्याच्या पोटरीला साप चावला होता आणि संध्याकाळी तो हिंडूफिरू लागला होता.

"कधीची गोष्ट?"

"वैशाखातली. वादळानं ती मोठी चिंच पडली न्हवं, तेच्या दुसऱ्या दिशी."

"एक्स्चेंजच्या बाई काय म्हणाल्या?"

"बाई न्हवतीच कुनी. बबनराव म्हनले, म्हाराज आल्यात. मला नुसती खरखर आली ऐकू. इष उतरायची."

"साप कसा होता?"

"पिवळट, कासऱ्यागत लांब. चावला आन् गवतात पळाला."

म्हणजे धामण. तिला विष नसते. आणि ती चिंच पडली होती आमच्याच खांबावर. त्यानंतर आठवडाभर या कारखान्यातून एक शब्द बाहेर गेला नव्हता. चिखलात उभे राहून तो खांब मीच बसवून घेतला होता. पण हे सांगून कोण ऐकणार? मी यंत्र तपासायचे निमित्त करून मागे वाकलो, बाहेरून येणाऱ्या तारेची टोके सोडवून हातात धरली आणि म्हणालो, "बबनराव, महाराजांना लावा बरं. जप येतो का बघू."

बबनरावांनी हँडल फिरवले, रिसीव्हर कानाला लावला आणि डोळे मिटले. "आले. महाराज आले. जप सुरू झाला. काय तेज आहे आवाजात!"

"आता डोळे उघडा," मी म्हणालो आणि तारेची टोके सगळ्यांना दिसतील अशी वर धरली.

मग मी रिसीव्हर भिमाजीच्या कानाला लावला. तीच खरखर. "ही पेटीतल्या बॅटरीची आणि तुझ्याच श्वासाची," मी सांगितले. "महाराजांना तुझं नावही ठाऊक नाही. तू बरा झालास, कारण तुझ्या अंगात विष गेलंच नव्हतं." भिमाजी ओशाळून हसला आणि मग सगळेच हसले. मानसिक जपाला तार लागत नाही, असे बबनराव म्हणू लागले. "मग तारेची तक्रार कशापायी?" गर्दीतून कोणीतरी विचारले.

मीही हसत होतो. तेवढ्यात दत्तोबा उठून माझ्याजवळ आला.

"म्हंजे माझ्या अंबूच्या येळी बी तार सुटल्यालीच असंल," तो म्हणाला. "व्हय ना, साहेब?"

तो माझ्याकडे आशेने बघत होता. 'हो' म्हणणे सोपे होते. दोष बबनरावांवर गेला असता आणि हा माणूस निदान रात्रीचा झोपला असता. पण मग तार नीट असली की मंत्र चालतो, असे लोक धरून चालले असते. मला खरे बोलवेना आणि खोटेही बोलवेना. मी आमचे नेहमीचेच प्रश्न विचारले.

"फोनवर आधी कोण बोललं?"

"एक बाई. नंबर इचारला तिनं."

"मग?"

"मग म्हाराज सोता. म्या ऐकला त्येंचा आवाज. मग पोरीच्या कानाला लावला."

"तिला ऐकू येत होतं?"

"व्हय. म्हनली, आबा, कोन तरी बोलतंय. पापन्या मिटाय लागल्या व्हत्या तिच्या. म्या म्हनलं, झोपू नगं, ऐक."

"मध्ये आवाज गेला का?"

दत्तोबाने फोनकडे बघितले. "न्हाई," तो म्हणाला. "मदी म्या माझ्या कानाला लावून बघितलं. जप चालूच व्हता. ती गेली तरी चालूच व्हता."

"मालाची गाडी फाटकात उभी व्हती," सुभद्राबाई पहिल्यांदाच बोलल्या. "पुन्याला निघाल्याली. डायवर म्हनला, घाला पोरीला, दवाखान्यात लस मिळती. हे म्हनले, फोन लागलाय, आता कशाला."

दत्तोबा होता तिथेच खाली बसला. सुभद्राबाई त्याच्याजवळ गेल्या आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून रडू लागल्या. लाइन निर्दोष होती, हे इतक्या दुःखाने मी कधी ठरवले नव्हते. मी तार पुन्हा जोडली, हँडलवरची माळ काढली आणि निघालो.

महाराजांनी पुढे पुणे सोडले. कुठे गेले कोण जाणे, पण फोन आता गावोगाव होत आहेत, म्हणून हे लिहितो. तार माणसाचे बोलणे नेते, विष ओढत नाही. साप चावला तर जप ऐकत बसू नका, दवाखाना गाठा. दहांतल्या नऊ जणांना बिनविषारी साप चावलेला असतो आणि ते बरे होतात. दहावे मूल तुमचे असेल.

भाद्रपदात एक्स्चेंजमधल्या इंदुताईंनी मला एक हकिगत सांगितली. त्या कारखान्यातून फोन आला. कामावरच्या एका बाईला साप चावला होता. बोलणाऱ्याने पुण्याच्या दवाखान्याचा नंबर मागितला. "गाडी निघालीय, लस काढून ठिवा," एवढा निरोप त्याने दिला. ती बाई वाचली. पण निरोप देऊन झाल्यावरही तो फोन ठेवेना.

"बाई, आवाज नीट येतोय ना?" त्याने इंदुताईंना विचारले.

"अगदी नीट येतोय," त्या म्हणाल्या.

"तवा बी नीटच आला व्हता," तो म्हणाला आणि त्याने रिसीव्हर ठेवला.